गाव उचललं आणि लढाईत पडलं

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, स्वयंपाक उरकला असेल, नाहीतर चालू असेल. चालू द्या, फक्त कान इकडं असू द्या. आज मी हप्ता, व्याज, बँकेची फाईल यातलं काही काढणार नाही. आज गोष्ट सांगणार आहे. आणि ती सांगता सांगता आपल्या ग्रामसंघात अडकलेल्या एका विषयावर येणार आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की ताईनं गोड बोलून कामाला लावलं.

पानिपतावर आपण जिंकलो असतो तर काय झालं असतं? हा प्रश्न आपल्याकडं पारावर, एसटीत, शाळेत, सगळीकडं ऐकलेला असतो. अशा ‘तर’वर रचलेल्या कथांची साहित्यात एक वेगळी जातच आहे. इतिहासातली एखादी गोष्ट जरा वेगळी घडली असं धरायचं आणि पुढचं सगळं त्या हिशेबानं मांडायचं. मराठीत जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अशीच आहे. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या पुस्तकात आहे, तुमच्यापैकी कुणाच्या मुलीनं वाचलंही असेल. आजच्या काळातले इतिहासाचे प्राध्यापक एका भलत्याच मुंबईत जाऊन पडतात. तिथं विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही, ती कानाजवळून निघून गेली आहे आणि मराठे पानिपत जिंकले आहेत. प्राध्यापक भर सभेत न बोलावता भाषणाला उभे राहतात आणि लोकांकडून टोमॅटो खातात. भाषण करणाऱ्या माणसानं ही कथा अधूनमधून वाचत जावी.

या जातीतच आणखी एक पोटजात आहे. तिच्यात आजची माणसं थेट जुन्या काळातल्या लढाईत नेऊन टाकतात. परतीची वाट नाही. जे अंगावर आहे आणि जे डोक्यात आहे तेवढ्यावर जगायचं. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं, इंग्रजी मात्र अडखळत वाचते. फोनमध्ये शब्दकोश उघडून गेला उन्हाळाभर अशी दोन-तीन पुस्तकं वाचली. वाचताना मला सारखी तुमची आठवण येत होती, ती का, ते कळेलच.

पोल अँडरसन या लेखकानं १९५६ साली एक कथा लिहिली. एक अमेरिकन शिपाई हजार वर्षांपूर्वीच्या आइसलँडमध्ये जाऊन पडतो. शिकलेला आहे, कमरेला पिस्तूल आहे. त्याला वाटतं, या अडाणी लोकांना मी काय काय शिकवीन. पण लोहाराच्या भट्टीवर त्याला साधं काम जमत नाही. पूल कसा बांधायचा ते माहीत आहे, पण त्यासाठी लागणारी हत्यारं बनवायची हत्यारं कुठून आणायची? तिथल्या भांडणाच्या, इज्जतीच्या रीती त्याला कळत नाहीत. शेवटी जीव जातो. कथा सांगणारा आहे तिथलाच एक शेतकरी, आणि तो त्या पोराबद्दल कळवळ्यानं बोलतो. मला ही कथा फार खरी वाटली. एकटा माणूस कितीही हुशार असो, त्याच्या हुशारीमागं शंभर जणांचे हात असतात आणि ते हात सोबत आलेले नसतात.

दुसरी कादंबरी स्प्रेग डी कॅम्प यांची, १९३९ साली मासिकात आलेली. तिच्यातला मार्टिन पॅडवे पडतो इसवी सन ५३५ च्या रोममध्ये, आणि युद्ध तोंडावर येऊन ठेपलेलं. हा गडी मात्र टिकतो. कशावर? तो एका सावकाराकडं कर्ज मागायला जातो. तारण काय? तर आपण लिहितो ते शून्याचे आकडे आणि जमा-नावेची दुहेरी हिशेबवही. रोमन आकड्यांत गुणाकार करून बघा एकदा, म्हणजे त्या सावकाराच्या मुनीमांना केवढं घबाड मिळालं ते कळेल. आणि ते शून्य गेलंय आपल्याच हिंदुस्थानातून! कर्ज घेऊन पॅडवे काय करतो, तर दारूची भट्टी टाकतो. इथं आपल्या दारूबंदीवाल्या बायका नाक मुरडतील, मीही मुरडलं. पुढं छापखाना काढतो, वर्तमानपत्र काढतो. गंमत म्हणजे तोफेची दारू करायला जातो ती काही त्याला साधत नाही. वही साधते, तोफ साधत नाही. आपल्या गटात वही लिहिणाऱ्या पोरींनी हे ऐकून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. पुस्तकाचं नावच आहे ‘१६३२’. लेखक एरिक फ्लिंट, पुस्तक आलं २००० साली. फ्लिंट हे कित्येक वर्षं कारखान्यांतून काम केलेले, कामगार संघटनेत राबलेले गृहस्थ. त्यांनी एकट्यादुकट्याला नाही टाकलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं, कोळसा खाणीच्या पट्ट्यातलं ग्रँटव्हिल नावाचं अख्खं गाव उचललं. तीनेक हजार माणसं, शाळा, खाण, वीजकेंद्र, भोवतालची शेतं, सगळं २००० सालातून उचललं आणि १६३१ च्या मे महिन्यात जर्मनीत नेऊन टाकलं. गाव काल्पनिक आहे, पण लेखकानं मॅनिंग्टन नावाचं खरं गाव समोर ठेवून ते रचलं. पुढं वाचकही या गावाच्या गोष्टी लिहू लागले, तेव्हा नियम ठरला तो असा: मॅनिंग्टनमध्ये जे नाही ते ग्रँटव्हिलमध्ये नाही. हवं म्हणून विमानतळ आणायचा नाही.

१६३१ चा जर्मनी म्हणजे काय होता? १६१८ पासून तिथं लढाई चालू होती आणि ती १६४८ पर्यंत चालली. सुरुवात धर्माच्या भांडणातून, पुढं राजेरजवाड्यांच्या हव्यासातून. भाड्याचे शिपाई, पगार वेळेवर नाही, मग शेतकऱ्याचं घर हाच त्यांचा पगार. मॅग्डेबर्ग नावाचं शहर २० मे १६३१ ला लुटलं आणि जाळलं गेलं. सुमारे २५ हजार वस्तीपैकी २० हजारांच्या आसपास माणसं मेली. ग्रँटव्हिल पडतं ते यानंतर काही दिवसांनी.

त्याच वेळी आपल्याकडं काय होतं? शिवबा शिवनेरीवर सव्वा वर्षाचे होते. आणि १६३० ते १६३२ हा गुजरात-दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. तुकोबांची पहिली बायको त्याच दुष्काळात अन्नावाचून गेली. म्हणजे हे परदेशातलं, जुनं म्हणून बाजूला सारायचं नाही. त्या साली तिकडची बाई आणि इकडची बाई एकाच प्रश्नाशी झुंजत होती: रात्री चुलीवर काय ठेवू?

तर गाव पडतं. खाण कामगारांचा पुढारी माईक स्टर्न्स आणि त्याची माणसं गाड्या घेऊन बघायला जातात, तर एका शेतघरात शिपाई घरधन्याला छळतायत आणि त्याच्या बायकोवर हात टाकतायत. तिथं पहिली गोळी सुटते. पुस्तकात पुढंही लढाया पुष्कळ आहेत, आणि आजच्या बंदुकांपुढं जुने शिपाई धडाधड पडतात. खरं सांगायचं तर ती पानं मी भरभर उलटली. लेखकानं आपल्या माणसांना जरा जास्तच सोपे विजय दिलेत असं माझं मत झालं. पण दोन लढायांच्या मधली जी पानं आहेत, ती मी दोनदा वाचली. आपल्याकडं काय आहे याची ते लोक मोजदाद करतात. कोळसा आहे म्हणून वीज आहे. पण यंत्राचा सुटा भाग मोडला तर तो देणारा कारखाना आता पावणेचारशे वर्षं पुढं आहे! मग ठरतं, गाडी खालच्या गिअरात घ्यायची. आजची यंत्रं चालतायत तोवर त्यांच्यावर जुन्या धर्तीची, इथं दुरुस्त होतील अशी यंत्रं बनवून ठेवायची. घाट चढताना आपला ड्रायव्हर करतो तेच.

आणि रोगराई. त्या युद्धात तलवारीपेक्षा प्लेग, हगवण आणि टायफस यांनी जास्त माणसं नेली. टायफस म्हणजे आपला टायफॉइड नव्हे, हा अंगावरच्या उवांमधून पसरतो. त्यामुळं गावातला डॉक्टर आधी काय बघतो? पाणी, अंघोळ आणि कपडे. बंदूक एका जागी, पण गाव वाचतं ते साबणानं.

इथवर वाचून झालं तेव्हा मी हा खेळ आपल्या बैठकीत मांडला. म्हटलं, समजा उद्या पहाटे आपलं गाव असंच उचललं गेलं आणि १६३१ मध्ये पडलं. रस्ता नाही, तालुका नाही, टॉवर नाही. काय काय आहे आपल्याजवळ, सांगा. पहिल्यांदा हसण्यावारी गेलं. एक जण म्हणाली, “ताई, बँकच राहिली नाही म्हणजे कर्ज माफ ना?” मी म्हटलं, बँकेचं माफ, गटाचं नाही. मग हळूहळू रंग भरला. ट्रॅक्टर किती दिवस? डिझेल आहे तोवर. मग बैल किती दावणीला? मोजले तर गावात नऊ जोड्या निघाल्या. कधीकाळी दर दारात होती. मीठ? सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. समुद्र कुठं, आपण कुठं. एक आजी म्हणाल्या, “तेलावाचून भागंल, गोडावाचून भागंल, मिठावाचून माणूस वेडं होतं.” बियाणं? कपाशीचं सगळं विकतचं संकरित. त्याचं बी धरून पेरलं तर पुढच्या साली पहिल्यासारखं पीक येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. गावरान ज्वारी तीन घरांत निघाली, गावरान वाल आणि दोडक्याचं बी एका घरात, राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं. अकोल्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी घराघरातून गोळा केली, जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या त्या गाडगंवाल्या मावशींना मी म्हटलं, मावशी, गाव जुन्या काळात पडलं तर तुम्हीच आमच्या कलेक्टर.

सुईण निघाली एक, पंच्याहत्तरीची. तिच्या हाताखाली शिकलेली कुणी नाही. इंजेक्शनवर असलेल्या साखरेच्या पेशंट पाच. तिथं मात्र बैठक गप्प झाली. त्यातल्या दोघी समोरच बसल्या होत्या.

मग मी पुढची गोष्ट सांगितली, ग्रेचेनची.

त्या काळचं सैन्य म्हणजे नुसते शिपाई नव्हेत. मागोमाग गाड्या, बायका, पोरं, धुणं, चुली, आजारी माणसं. कधी कधी शिपायांपेक्षा हीच संख्या जास्त. आपल्याकडं यांना बुणगे म्हणत. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर आपलीही अशी हजारो बिनलढाऊ माणसं होती. यात्रेकरू होते, बायका होत्या, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो. मी वापरायचा सोडला. विश्वासरावांना लागलेली गोळी सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्या दिवशी संध्याकाळी त्या बायकांचं काय झालं, यावर कुणी ‘तर’ लावून कथा लिहिलेली मी अजून वाचली नाही.

ग्रेचेन रिश्टर ही अशीच एक मुलगी. बाप छपाईच्या धंद्यातला, त्याला शिपायांनी मारलं. तिला एका शिपायानं ठेवली. पदरात तान्हं मूल, सोबत म्हातारी आजी, भावंडं आणि वाटेत गोळा झालेली दुसऱ्यांची पोरं. ती सगळ्यांना घेऊन सैन्यामागं फरफटत चालते आहे. लढाई हरली, आता दुसरे शिपाई येणार, हे कळल्यावर ती लहान पोरींना कुठं लपवते? संडासाच्या खड्ड्यात. घाणीत उभ्या करते आणि स्वतः बाहेर थांबते. कारण तिथं कुणी हात घालणार नाही.

हे सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पट्टा पडून नुकत्याच परत आलेल्या होत्या त्या. आपल्या बीड जिल्ह्यात मी वेगळं काय सांगू? दिवाळीच्या सुमारास ट्रकवर बिऱ्हाड चढतं. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक नग. सहा महिने उसाच्या फडात, कोपीत. वयात आलेली पोरगी बरोबर न्यावी की म्हाताऱ्या सासूपाशी ठेवावी, या एका प्रश्नावर किती जणींची लग्नं लवकर उरकली गेली, हे या रेडिओवर आधीही बोललं गेलंय. एक जण म्हणाली, “ताई, त्या पोरीला तरी संडासाचा खड्डा होता. आम्हाला तर तोबी नसतो.”

हसावं की काय करावं कळेना.

ग्रेचेन आणि तिचा गोतावळा ग्रँटव्हिलमध्ये येतो. तिच्यासारखे आणखी शेकडो, पुढं हजारो निर्वासित गावाच्या वेशीशी. गावाची मोठी सभा भरते. सिम्पसन नावाचा एक बडा कंपनीवाला, लग्नासाठी आलेला आणि इथंच अडकलेला, उठून म्हणतो, वेस बंद करा. आपल्याला पुरेल एवढंच आहे, रोग येतील, कमरेचा पट्टा आवळा. त्याचं बोलणं येडगळ नाही बरं का. लेखकानं त्याला मूर्ख दाखवला असता तर पुस्तक हलकं झालं असतं. माईक उठतो आणि उलटं मांडतो. तीन हजार माणसांनी हे गाव चालणार नाही. खाणीत हात हवेत, शेतात हात हवेत, आणि बाहेर जी माणसं उभी आहेत ती इथलीच आहेत, परके असू तर आपण आहोत. सभा माईकच्या बाजूनं जाते.

पण भांडण तिथं मिटत नाही. पुढं प्रश्न येतो मताचा. आलेल्यांनी काम करावं, जेवावं, हे आता सगळ्यांना पटलेलं. पण मत द्यावं का? सिम्पसनची बाजू म्हणते, मताचा हक्क आखडता ठेवा. दुसरी बाजू म्हणते, जो इथं राहतो, राबतो, तो इथला. दुसरी बाजू जिंकते. आणि हीच ग्रेचेन पुढं गावोगाव फिरून लोकांच्या समित्या बांधायला लागते.

आमच्या बैठकीत यावर जे बोलणं झालं ते मी तुम्हाला सांगायलाच हवं. मला वाटलं होतं, बायका स्वतःला ग्रँटव्हिलच्या जागी ठेवतील आणि वेस उघडायची की नाही यावर वाद घालतील. निम्म्या जणींनी तसं केलंही. पण कोयत्यावर जाणाऱ्या बायकांनी गोष्ट वेशीच्या बाहेरून ऐकली. एकीनं सांगितलं, तिकडं एका गावात हापशावर आधी गावातल्या बायका, मग जनावरं, मग आम्ही. दुसरी म्हणाली, “आमचं काम चालतं त्यांना. आम्ही नाही चालत.” आणि तिसरी जे बोलली त्यानं मला रात्री झोप आली नाही. ती म्हणाली, “तिकडचं सोडा. इकडं तरी आम्ही गावाच्या आत आहोत का?”

आता कामाच्या विषयावर आले. आपल्या ग्रामसंघाचा नियम आहे की सलग तीन बैठकांना जी गैरहजर, तिला त्या वर्षी कर्ज नाही. नियम चांगल्या हेतूनं केलेला आहे. बँक हजेरी बघते, वही बघते, आणि बैठकीला न येणारीचा हप्ता थकला तर बाकीच्यांच्या गळ्यात येतो. ज्या अध्यक्षताई या नियमाच्या बाजूनं बोलतात त्यांना मी सिम्पसन म्हणणार नाही. त्यांनी एका वर्षी पाच जणींचे थकलेले हप्ते दारोदार फिरून गोळा केलेत, तो त्रास त्यांनाच माहीत. पण हा नियम लागतो कुणाला? जी सहा महिने फडात आहे तिलाच. मग मेमध्ये पेरणीसाठी तिला कर्ज मिळत नाही, ती पुन्हा मुकादमाकडं जाते, पुन्हा उचल, पुन्हा कोयता. गट ज्या सावकारीतून सोडवायला काढला, तिच्याच दारात आपला नियम तिला नेऊन सोडतो.

मी मांडलेला ठराव असा आहे. कारखान्यावर असलेल्या सभासदानं फोनवरून बचत पाठवली तर ती त्या महिन्याची हजेरी धरावी. एका टोळीत आपल्या पाच-सहा जणी असतील तर त्यांनी कोपीतच महिन्याला बैठक घ्यावी, एकीनं वही लिहावी आणि पानाचा फोटो पाठवावा. आणि ठरावावर मत घेताना त्यांचं मत फोनवरून मोजावं. याला विरोध आहे, तो उघड बोलला जातोय, ही चांगली गोष्ट आहे. फोटोतली वही बँक मानेल का, हा विरोधातला सगळ्यात पक्का मुद्दा आहे. त्यासाठी मी बँकेकडं लेखी विचारणा केली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

त्या मिठाच्या आजींनी शेवटी विचारलं होतं, “मग ती अमेरिकेची माणसं घरी गेली का परत?” नाही गेली आजी. पुस्तकावर पुस्तकं निघाली, पण ते गाव तिथंच आहे. आजी म्हणाल्या, “मग पेरलं असंल त्यांनी.” पेरलं.

ग्रामसंघाची बैठक येत्या रविवारी दुपारी दोन वाजता समाजमंदिरात आहे. ज्या टोळ्या अजून सुटल्या नाहीत, त्यांच्यातल्या बायकांनी आपलं मत शनिवार रात्रीपर्यंत आपापल्या गटाच्या सचिवाला फोन करून सांगावं. मोजायचं की नाही ते बैठक ठरवेल, पण लिहून मात्र घेतलं जाईल.